कॅट काढण्याआधी बॅक प्रेशर बघा

कॅट, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोक होऊन गाडीची ओढ कमी झाली की ‘कॅट काढून सरळ पाइप वेल्ड करा, गाडी मोकळी होईल’ असं सांगतात; हा सल्ला मला पटत नाही. ओढ सुधारते हे खरं, पण कॅट सहसा आपोआप चोक होत नाही. मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्यामुळे) न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटतं आणि सिरॅमिकची जाळी वितळते, नाहीतर पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळत असतं. मूळ दुखणं राहिलं तर नवा कॅटही जाणार. शिवाय उत्सर्जनाची मानकं मोडली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं, हे विसरू नका.

आमची जुनी गाडी गगनबावड्याच्या घाटात दमायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी काही कापलं नाही. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला आणि बॅक प्रेशर, म्हणजे धूर अडल्यामुळे मागे साचणारा दाब, मोजला. २५०० आरपीएमला काटा ३ पीएसआयच्या वर गेला तर पुढे कुठेतरी अडलंय असं समजायचं, आमचा बराच वर गेला. आधी मिसफायर थांबवायला ठिणगी देणारे प्लग-कॉइल बदलले, मगच कॅट. आणि हो, जुना कॅट गॅरेजमध्ये फुकट सोडू नका, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात.