आंब्याखाली वर्ग, आणि वर कणकुंबीचा पाऊस

शिवारप्रेमी: बेळगावजवळच्या खानापूर भागात गावानं मिळून एक शाळा काढावी. भिंती नकोत. आंब्याखाली वर्ग, दोन एकर भात, हातानं काम. हातानं काम करत शिकायचं, हे गांधीजींनी 1937 साली वर्ध्यात मांडलं होतं.

कौलारू: भिंती नकोत म्हणे! जुलैत कणकुंबीला या की, मलप्रभेच्या उगमाला. आंब्याखाली तासभर बसून दाखवा. आमची शाळा गळायची तेव्हा गुरुजी फळा कोपऱ्यातून कोपऱ्यात हलवायचे आणि आम्ही इरली घेऊन बसायचो. आमची पोरं सुट्टीदिवशी चिखलातच असतात. रोप लावून लावून कंबर धरते, आणि तुम्ही त्याला शिक्षण म्हणणार. तुमचा मुलगा मात्र बेळगावात, टिळकवाडीत इंग्लिश मीडियमला!

शिवारप्रेमी: माझा मुलगा कुठं जातो हा विषयच नाही.

कौलारू: बरोबर, तुमच्यासाठी नाहीच.

माजी मास्तर: भांडू नका. मी सातवीला 33 फुटांची दोरी देऊन शेत मोजायला लावलं. 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट, झाला गुंठा. एका पोराच्या घरचं शेत पंधरा गुंठ्यांचं, ते भरलं तेरा. संध्याकाळी बाप शाळेच्या दारात: "मास्तर, गणित शिकवा, शेजाऱ्याशी बांधाची भांडणं कशाला लावालात?" पण क्षेत्रफळ एकही पोरगं विसरलं नाही.

सीमावासी: जमिनीच्या उताऱ्यावर किती होतं? तो कन्नडमध्ये. मराठी शाळेतल्या पोरानं वाचायचा कसा? 1956 ला हा भाग कानडी राज्यात गेला, तेव्हापासून हेच भोगतोय आम्ही.

माजी मास्तर: कन्नड विषय असतो की शाळेत.

सीमावासी: असतो, मार्कांपुरता. 'सर्वे नंबर' सोडला तर त्या कागदावरचं काही कळत नाही. माझ्या आजोबांनी अंगठा उठवला तो कागद पेटीत आहे, आजवर कुणी वाचून दाखवला नाही.

शिवारप्रेमी: मग उताराच धडा म्हणून लावूया! दोरीही, कन्नडही.

सीमावासी: म्हणजे आता शेताच्या नावाखाली कन्नड? वा!

शिवारप्रेमी: अहो, कागद वाचता यावा असं तुम्हीच म्हणालात ना?

सीमावासी: म्हणालो. वाचायला शिकवा. बाकी माध्यमाला हात लावाल तर बघा.

कौलारू: विषय शाळेचा होता. कौलांचं काय ते सांगा.

शिवारप्रेमी: बरं बाबा, आधी छप्पर. चारी बाजूंनी पडवी.

कौलारू: आता कसं! आणि मास्तर, दोरी सुताची होती का नायलॉनची? नायलॉन ताणली की लांब होते, शेत कमी भरतं.

माजी मास्तर: …नायलॉनची.

कौलारू: मग त्या शेजाऱ्याची माफी मागितली का?