कुणाकडे अ‍ॅझिथ्रोच्या गोळ्या उरल्यात का?

बी ५०४: गुड मॉर्निंग, कुणाकडे अ‍ॅझिथ्रोच्या (ती अँटिबायोटिक) २-३ गोळ्या उरल्यात का? लेकाचा घसा कालपासून जाम दुखतोय, थुंकी पण गिळवत नाहीये, १०२ ताप आणि आमचे डॉक्टर नेमके गावाला गेलेत

ए २०३: अगं मिरवणुकीत ओरडला असेल, गुलाल गेला असेल घशात. मीठ-हळदीच्या गुळण्या दे

बी ५०४: चालूच आहेत ताई, पण ८ वर्षांचा पोरगा, गुळणी कमी आणि बेसिनभर पिवळं पाणी जास्त 😩

सी १०१: माझ्याकडे आहेत ३ गोळ्या, वॉचमनकडे ठेवतो. मागच्या महिन्यात आमच्याकडे सगळ्यांना हेच झालेलं, खोकला, सर्दी, घसा. यानेच बरं वाटलं

ए ६०१ डॉक्टर काकू: थांबा जरा!! त्याला खोकला आहे का गं? नाक गळतंय? आवाज बसलाय?

बी ५०४: नाही काकू, यातलं काहीच नाही. पोटात दुखतंय म्हणतो, सकाळी एकदा उलटी झाली

ए ६०१ डॉक्टर काकू: खोकला, सर्दी, बसलेला आवाज असला की बहुतेक वेळा व्हायरल, त्याला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. सी १०१, तुमचं तेच असणार, गोळीने नाही हो, दिवस भरले म्हणून बरं झालं. पण ५ ते १५ वयात अचानक ताप, खोकला नाही, जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतायत, तर स्ट्रेप, म्हणजे घशाचं बॅक्टेरियल इन्फेक्शन, असू शकतो. खिडकीपाशी ने, मोबाईलचा टॉर्च लाव, चमच्याची दांडी जिभेवर ठेवून आ करायला सांग. फक्त लाळ गळत असेल, तोंड उघडत नसेल किंवा श्वासाला आवाज येत असेल तर चमचा वगैरे काही नको, थेट कॅज्युअल्टी

बी ५०४: तसं काही नाहीये. चमचा चावला मेल्याने. टॉन्सिल लालभडक, सुपारीएवढे, वर दह्याचे कण चिकटल्यासारखं पांढरं. गाठी पण आहेत, हात लावू देत नाही. फोटो टाकतेय

ए २०३: ई, पोहे खातेय मी

सी १०१: पांढरं म्हणजे बॅक्टेरियलच

ए ६०१ डॉक्टर काकू: तिथेच सगळे फसतात. व्हायरलमधे पण पांढरं दिसतं, नुसतं बघून मी पण पैज लावणार नाही. स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घशातला नमुना, लागतो, रॅपिड टेस्ट काही मिनिटांत, कल्चरला १-२ दिवस

बी ३०७: खरंय. आमच्या थोरल्याला एफवायला असताना असंच पांढरं होतं, अमॉक्सिसिलिन दिलं आणि पाचव्या दिवशी अंगभर पुरळ, आम्हाला वाटलं गोवर. रक्त तपासलं तर निघाला मोनो, म्हणजे व्हायरलच. मानेच्या मागे पण गाठी, महिनाभर नुसता लोळून होता, प्लीहा वाढली म्हणून क्रिकेट बंद, त्याचंच जास्त दुःख

ए २०३: पण काकू, स्ट्रेप आपोआप बरा होत नाही का?

ए ६०१ डॉक्टर काकू: घसा होतो गं. पण काही मुलांना २-३ आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा खराब होतात, रुमॅटिक फीवर. म्हणून पेनिसिलिन नाहीतर अमॉक्सिसिलिन, पूर्ण १० दिवस. घसा धरल्यापासून ९ दिवसांत सुरू केलं तरी तो टळतो, त्यामुळे टेस्ट करायला वेळ आहे, आधीच ३ गोळ्या पोटात ढकलून स्वॅबची वाट लावू नकोस

डी ४०२ काका: माझ्या धाकट्या बहिणीला झाला होता रुमॅटिक फीवर. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वडील सायकलवर डबलसीट न्यायचे, लक्ष्मी रोडपासूनच तिचं भोकाड सुरू. पुढे झडप बदलावी लागली

सेक्रेटरी: गुरुवारी पाणी बंद, टाक्या भरून ठेवा

बी ५०४: अपडेट. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, स्वॅब पॉझिटिव्ह, स्ट्रेपच. १० दिवसांचं सिरप. शाळेत कधी पाठवू काकू?

ए ६०१ डॉक्टर काकू: औषधाचा एक दिवस पुरा होऊन ताप उतरला की पाठव. त्याचा ग्लास, चमचा वेगळा ठेव. आणि चौथ्या दिवशी उड्या मारायला लागेल, तेव्हा बाटली कपाटात जायची नाही

सी १०१: कुणी खाली जातंय का, माझ्या गोळ्या वॉचमनकडेच राहिल्यात

ए ६०१ डॉक्टर काकू: मी जातेय. माझ्याकडेच राहू देत त्या 😄