जुन्या इमारती आणि बागांचं जतन कॉलेजात शिकायचंय, पण मी आर्किटेक्ट नाही. जमेल का?

पायरीवरची:
नमस्कार मंडळी, मी इतिहास घेऊन बीए करतेय, शेवटचं वर्ष आहे, आणि पुढे जुन्या इमारती, बागा, ऐतिहासिक जागा यांच्या जतनातच मास्टर्स करायचं डोक्यात पक्कं बसलंय. घरचे म्हणतात हे आर्किटेक्ट लोकांचं काम, तू त्यात काय करणार. मला कागदपत्रं वाचायला, जुने नकाशे बघत बसायला मनापासून आवडतं पण ड्रॉइंगचा हात अजिबात नाही, केमिस्ट्री दहावीनंतर सोडली. सिलॅबस बघितले तर कुठे स्ट्रक्चर आहे, कुठे मटेरियल सायन्स, कुठे कायदा, आणि एका ठिकाणी तर ऐतिहासिक बागांचा अख्खा वेगळा पेपर. बागेचं काय शिकवत असतील? झाडं मेली की नवी लावायची, एवढंच ना? ज्यांनी हे शिकलंय किंवा यात काम करताय त्यांनी प्लीज सांगा की माझ्यासारखीला यात खरंच जागा आहे का आणि कोर्स निवडताना काय बघू.

चुनखडी:
जागा आहे. मी इंजिनिअरिंगकडून आलो, माझ्या वर्गात इतिहासवाले, पुरातत्त्ववाले, एक केमिस्ट्रीवाली असे सगळेच होते आणि पहिल्या सेमिस्टरला प्रत्येकाला काही ना काही येत नव्हतंच. ड्रॉइंगची भीती काढून टाक. इथे जे ड्रॉइंग लागतं त्याला कलाकाराचा हात लागत नाही, टेप घेऊन भिंत मोजायची आणि जशी आहे तशी कागदावर उतरवायची, वाकडी असेल तर वाकडीच. ते सरावाने येतं.

केमिस्ट्रीचं म्हणशील तर लागते तेवढी तिथेच शिकवतात, आणि ती का लागते ते एका उदाहरणावरून कळेल. जुनी विटांची किंवा मऊ दगडाची भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, पण तरी विटेपेक्षा मऊच राहतो आणि त्यातून ओल बाहेर जाऊ शकते. मग कुणीतरी मजबुती म्हणून विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरतं. सिमेंट कडक, त्यातून ओल निघत नाही, मग ती विटेतून वाट काढते, सोबतचे क्षार विटेच्या तोंडाशी येऊन साचतात, लोणा धरतो आणि विटेचे पोपडे सुटायला लागतात. थोड्या वर्षांनी बघावं तर सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उभ्या आणि मधली वीट खाल्ली गेलेली. दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, भिंत तरीही जाते, आणि मला हे बघून प्रत्येक वेळी आतून तुटल्यासारखं होतं.

मोठ्या ठिकाणीसुद्धा हेच झालंय. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी दुरुस्ती झाली तिच्यात दगड जोडायला लोखंडी पट्ट्या घातल्या. मूळ ग्रीक कारागिरांनीही लोखंडच वापरलं होतं पण ते शिशात बसवलेलं, त्यामुळे टिकलं. नंतरच्या पट्ट्या गंजून फुगल्या आणि संगमरवर फुटायला लागला. १९७५ मध्ये तिथे खास समिती नेमली गेली, पुढे त्या पट्ट्या काढून टायटॅनियमच्या घालायचं काम चालू झालं. कोर्समध्ये अशा केसेस भरपूर असतात आणि त्यातून एकच सवय लावली जाते, ती म्हणजे आधी बघायचं, बिघाड कशामुळे झालाय ते शोधायचं, मग कमीत कमी हात लावायचा आणि जे लावू ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे.

पानगळ:
बागेचं मी सांगते कारण माझं कामच ते आहे. 'झाडं मेली की नवी लावायची' असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मग कुठलं झाड, कुठल्या वर्षाचं रूप धरून, केवढं मोठं लावायचं हे ठरवताना अख्खं डिपार्टमेंट भांडत बसतं. इमारत पडझडीला लागली तरी तिचा आराखडा साधारण तोच राहतो, बाग मात्र रोज बदलते. ज्याने ती आखली त्याने रोपं लावली आणि सावली बघितली पुढच्या पिढ्यांनी, मग खरी बाग कुठली, त्याच्या कागदावरची की दोनशे वर्षांनी डेरेदार झालेली?

लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याची प्रिव्ही गार्डन, म्हणजे राजाची खासगी बाग, बघ. ती १७०२ च्या आराखड्याप्रमाणे परत घडवून १९९५ मध्ये खुली केली. त्यासाठी आधी तिथे उत्खनन केलं, जुन्या वाफ्यांच्या कडा मातीत सापडल्या, कागदपत्रांतून झाडांची माहिती काढली. पण हे करायला मधल्या काळात वाढलेली मोठमोठी झाडं काढावी लागली, आणि ती झाडंही त्या जागेचा इतिहासच होती ना? मला आजही यात दोन्ही बाजू पटतात. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेत तर निसर्गानेच निर्णय लावला, डिसेंबर १९९९ च्या वादळात तिथली दहा हजारांहून जास्त झाडं आडवी झाली आणि नव्याने लागवड करताना जुन्या आखणीचा परत अभ्यास करावा लागला.

बागांसाठी वेगळी सनद, म्हणजे जतनाची तत्त्वं सांगणारा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज, पण आहे, फ्लॉरेन्स सनद, १९८१ सालची. ती बागेला जिवंत स्मारक म्हणते. म्हणजे तिच्यात रोजची छाटणी, पाणी, माळ्याचं कौशल्य हे सगळं जतनाचाच भाग झालं. माळी गेला आणि त्याच्या जागी शिकलेला माणूस नाही आला तर दगडी कारंजं शाबूत राहूनही बाग संपते. तू इतिहासवाली आहेस तर या पेपरला घाबरू नकोसच, उलट तुझी खरी गरज इथेच आहे. जुनी चित्रं, रोपांच्या खरेदीची बिलं, माळ्यांच्या पगाराच्या वह्या, पत्रं, हे सगळं वाचणारा माणूस नसेल तर आम्ही अंदाजावर बाग लावणार आणि लोक ती अस्सल समजून बघणार.

पायरीवरची:
बापरे, बिलं आणि पगाराच्या वह्या! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, खूप खूप धन्यवाद दोघांनाही. एक शंका विचारते, जी इमारत पूर्ण गेलीये ती परत बांधणं हे जतनात धरतात का? मला ते नेहमी खोटं वाटत आलंय.

जुना नकाशा:
तुझी शंका बरोबर जागी आहे, यावर दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ वाद चाललाय. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक नावाचा आर्किटेक्ट म्हणायचा की इमारत पूर्ण रूपात आणावी, मग तसं रूप तिला आधी कधी नसलं तरी चालेल. इंग्लंडमध्ये कला समीक्षक रस्किनला हा सगळा प्रकारच खोटेपणा वाटायचा, आणि १८७७ मध्ये लेखक आणि डिझायनर विल्यम मॉरिसने जुन्या इमारती अशा 'सुधारणांपासून' वाचवायला संस्थाच काढली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने पुढे रेघ मारून दिली की जिथे अंदाज सुरू होतो तिथे रिस्टोरेशन, म्हणजे जुन्या रूपात परत आणणं, थांबलंच पाहिजे.

पण पोलंडच्या राजधानीचं, वॉर्साचं, जुनं शहर बघितलं की माझं मत डळमळतं. दुसऱ्या महायुद्धात ते ठरवून उद्ध्वस्त केलं गेलं आणि लोकांनी ते परत उभं केलं. अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराची शहराची चित्रं कामाला आली, आणि मला सगळ्यात जास्त भिडतं ते हे की युद्धाआधी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी केलेली मोजमापाची ड्रॉइंग्ज लपवून वाचवली होती, ती पण कामाला आली. कॉलेजच्या असाइनमेंटसारखी कामं ती! १९८० मध्ये हे शहर जागतिक वारसा यादीत गेलं. जपानमध्ये इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात परत बांधतात, तिथे लाकडापेक्षा कारागिरी जुनी आहे, आणि अस्सलपणाचा असा विचार १९९४ च्या नारा दस्तऐवजात आला. त्यामुळे खोटं म्हणण्याआधी कशाच्या आधारावर बांधलंय आणि ते नवं आहे हे लोकांना सांगितलंय का, हे दोन प्रश्न विचारायचे असं माझं मत आहे.

चुनखडी:
मोजमापाच्या बाबतीत वरच्यांना शंभर टक्के अनुमोदन. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं तसंच, २०१९ च्या आगीच्या आधी एका कला इतिहासकाराने तिचं लेझर स्कॅनिंग करून ठेवलं होतं, आणि कला इतिहासकार म्हणजे तुझ्याच बाजूचा माणूस.

कोर्स निवडायचं राहिलंच. नाव आणि रँकिंग नंतर बघ, आधी हे विचार की साइटवर किती दिवस नेतात, चुना हाताने कालवायला मिळतो का, कारागिरांसोबत बसवतात का, आर्काइव्हमध्ये काम करायला लावतात का आणि एका इमारतीचा रिपोर्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत विद्यार्थ्याकडून लिहून घेतात का. नुसते स्लाइड शो असतील तर नको. कायद्याचा पेपर कंटाळवाणा वाटेल पण टाळू नकोस, इमारत पाडायची नोटीस लागते तेव्हा तोच लागतो. शिकून गेलेल्या दोन-चार जणांना गाठून ते आता काय करतात तेही विचार, संग्रहालय, सरकारी खातं, सल्लागार फर्म, संशोधन अशा सगळीकडे लोक जातात.

आणि तोवर सराव करायचा असेल तर अमेरिकेत १९३३ मध्ये ऐतिहासिक इमारतींच्या मोजमापाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, त्याची ड्रॉइंग्ज आणि फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट बघता येतात. एखादं साधं घर निवड, त्याचा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते ड्रॉइंग, समोर ठेव आणि भिंतीची जाडी, छताचे वासे, खिडक्या कुठल्या काळात बदलल्या असतील ते ओळखायचा प्रयत्न कर. अडलीस की इथेच टाक, आम्ही बघतो.

पायरीवरची:
आजच उघडते. घरच्यांना पण हा धागा वाचायला देणारे, आणि पानगळताई, त्या माळ्यांच्या वह्यांबद्दल अजून विचारायचंय, मेसेज केला तर चालेल का?

पानगळ:
चालेल ना, कर की.