शब्दचर्चा: ‘बेघर’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. घर गेलेल्या कुटुंबाला परवडेल असं भाड्याचं घर मिळावं म्हणून तिथल्या पालिका काय करतात, हा विषय. पहिल्याच ओळीला अडले. ‘होमलेस’साठी ‘बेघर’ लिहिलं आणि आमच्या कर्वेनगरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांसाठी आहे ना गं?"

तिथल्या कायद्यात तसं नाही. नातेवाइकांकडे अंग चोरून राहणारं आणि तिथूनही निघायला सांगितलेलं कुटुंब ‘होमलेस’ ठरतं. घरात मारहाण होते म्हणून तिथे राहणं शक्य नाही अशी बाईही ठरते, मग तिच्याकडे त्या घराची किल्ली का असेना. शिवाय २०१७ च्या कायद्याने (अंमल एप्रिल २०१८ पासून) मुदत वाढवली. पूर्वी घर जायला २८ दिवस उरले की पालिका लक्ष घालायची, आता ५६ दिवस आधीपासून घालावं लागतं. म्हणजे भांडी अजून मांडणीवर आहेत, मुलं शाळेत जाताहेत, आणि तरी हे कुटुंब मदतीला पात्र आहे. ‘बेघर’ वाचून ते पत्रक बाजूला ठेवून देईल आणि ते ५६ दिवस तसेच जातील, ही माझी खरी काळजी आहे. दुसरा शब्द सुचतो का?

कसबा पेठेतून

‘अनिकेत’ कसा वाटतो? निकेत म्हणजे घर, ते नसलेला. ऐकायला सभ्य आहे, कुणाला खाली पाहावं लागत नाही.

प्रश्नकर्ती

काका, शब्द सुंदर आहे, पण गीतेच्या बाराव्या अध्यायातला अनिकेत घराचा मोह सुटलेला भक्त आहे. दोन मुलं आणि गॅसची शेगडी घेऊन कुठे जायचं, या विवंचनेतली बाई तो नव्हे. तिचं घर तिने सोडलेलं नाही.

धनकवडीहून

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा वाडा मालकाने बिल्डरला दिला. चार महिने त्या भावाच्या एका खोलीत होत्या, एकूण सात माणसं. त्यांना कुणी ‘बेघर’ म्हटलं असतं तर त्या संतापल्या असत्या. त्या म्हणायच्या, "ताई, आमचं बिऱ्हाड उठलं." हा शब्द का नको? घर म्हटलं की भिंती आल्या, मालकी आली. बिऱ्हाडात माणसं, भांडी, अंथरूण-पांघरूण आणि भाड्याची जागा असं सगळं एकत्र येतं. बिऱ्हाड करतात, थाटतात, हलवतात, मोडतात. त्यात तात्पुरतेपण आहे, पण लाज नाही.

जुनं रूप ‘बिढार’. त्याचाही अर्थ उतरण्याची, मुक्कामाची जागा असाच. पेठांमधल्या वाड्यांत मालक आणि बिऱ्हाडकरू असे दोनच वर्ग होते. ‘भाडेकरू’ करारनाम्यात असायचा, बोलण्यात ‘आमच्याकडे सहा बिऱ्हाडं आहेत’ असंच म्हणत.

निवृत्त पालिका कर्मचारी

‘बेघर’ रस्त्याला चिकटला त्यात सरकारी कागदांचाही वाटा आहे. जनगणनेत बेघर म्हणजे रस्त्यालगत, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारे. २०११ साली त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात सुमारे १७.७ लाख माणसं निघाली. त्या रात्री भावाच्या खोलीत दाटीवाटीने झोपलेलं कुटुंब या आकड्यात नाही. पुढची व्यवस्थाही त्याच व्याख्येवर उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा करायला सांगितलं, आपल्याकडे रात्र निवारे आले. निवारा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण निवाऱ्यात रात्र निघते, संसार मांडता येत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले संसार वाहून गेले. त्या लोकांना आम्ही कधी बेघर म्हटलं नाही, ते ‘पूरग्रस्त’. गोखलेनगर, जनवाडी अशा वसाहती त्यांच्यासाठी झाल्या. ‘ग्रस्त’ म्हटलं की काहीतरी येऊन कोसळलं हे कळतं, दोष बाहेर राहतो. ‘बेघर’ म्हटलं की फक्त माणसाकडे काय नाही एवढंच दिसतं. भाडं वाढून घर गेलेल्यांसाठी असा शब्द आपण घडवलेलाच नाही.

प्रश्नकर्ती

हे वाचून बराच वेळ बसून राहिले. मथळा बदलते: ‘तुमचं बिऱ्हाड उठायची वेळ आली आहे का?’ आत ‘बेघर’ मात्र ठेवावाच लागेल, कारण पालिकेत अर्ज करायचा तो ‘आम्ही होमलेस आहोत किंवा होणार आहोत’ असं सांगूनच. त्याला जोडून लिहीन: ‘इथे बेघर याचा अर्थ उघड्यावर राहणारे एवढाच नाही.’

आता दुसरी अडचण. बऱ्याच पालिका घरमालकाकडे डिपॉझिट भरायला कुटुंबाला मदत करतात, किंवा रोख न देता ‘बाँड’ देतात. भाडं थकलं, मोडतोड झाली तर ठरलेल्या रकमेपर्यंत आम्ही भरू, असं लेखी वचन. याला काय म्हणू?

कसबा पेठेतून

डिपॉझिट म्हणजे अनामत. आणि बाँडसाठी ‘पालिका जामीन राहते’ असं लिहा. आज जामीन म्हटलं की कोर्ट आठवतं, पण दुसऱ्याच्या व्यवहारासाठी आपली पत पुढे करणं हा त्याचा मूळचा अर्थ. पतपेढीत कर्ज काढायला आपण अजून दोन जामीनदार शोधतोच की.

प्रश्नकर्ती

काका, हा शब्द लगेच घेतला. ‘हमी’ लिहून ठेवलं होतं, पण ती हल्ली मिक्सरलाही मिळते. जामीन म्हटलं की शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, आणि अनोळखी घरमालकापुढे तेच तर हवं असतं.

धनकवडीहून

‘परवडणारं’ जपून वापरा. पुण्यात जीएसटीच्या नियमाने ‘परवडणारं घर’ म्हणजे ४५ लाखांपर्यंतचा, ९० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचा फ्लॅट. पोळ्यावाल्या मावशींना तो कोणत्या जन्मी परवडणार?

प्रश्नकर्ती

तिथेही तोच गोंधळ आहे. इंग्लंडमध्ये ‘अफोर्डेबल रेंट’ म्हणजे बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंतचं भाडं. बाजार चढला की तेही चढतं. त्याहून स्वस्त, वेगळ्या सूत्राने ठरणारं ‘सोशल रेंट’ आहे, पण त्यासाठी रांग मोठी. म्हणून सरकारी संज्ञा असेल तिथे ‘अफोर्डेबल’ देवनागरीत तसंच ठेवते आणि कंसात ८० टक्के लिहिते. ‘परवडणारं’ फक्त एका जागी येईल, जिथे पालिकेचा माणूस कुटुंबासोबत बसून पगार, मदत आणि खर्च मांडतो आणि त्यांच्यासाठी लेखी योजना करतो. त्या कागदावर परवडणं खरोखर त्या घराच्या हिशेबातून निघतं.

एक शब्द अजून राहिला. कायमचं घर मिळेपर्यंत पालिका जी जागा देते, तिला ‘तात्पुरता निवारा’ म्हणू की ‘संक्रमण शिबिर’? दुसऱ्यात मुंबईतल्या चाळकऱ्यांचं वर्षानुवर्षं वाट पाहणं ऐकू येतं, आणि इंग्लंडमध्येही काही कुटुंबं अशा जागेत वर्षं काढतात.

निवृत्त पालिका कर्मचारी

शिबिर नको. ‘मधली जागा’ लिहा. मावशींनाही कळेल.