विगखाली केस घट्ट बांधू नका
विग हलू नये म्हणून आतले केस घट्ट ओढून बांधा, असा सल्ला काही जण देतात. मला तो अजिबात पटत नाही. कपाळाच्या कडेचे आणि कानाजवळचे केस मुळात नाजूक. त्यांच्यावर रोज ताण पडला की मुळं दुखावतात. ताणाने होणाऱ्या या केसगळतीला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. वेळीच ताण थांबवला तर केस सहसा परत येतात, पण वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर तिथे कायमचं टक्कल पडू शकतं. विग घसरत असेल तर मखमली ग्रिप बँड (विगखाली डोक्याभोवती घालायची, विग धरून ठेवणारी पट्टी) वापरा आणि आत सैल, चपट्या वेण्या घाला. क्लिपा लावायच्याच तर जागा बदलत राहा.

आणि ओल्या केसांवर विग नकोच! मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आत घाम साचतो, खाज नि कोंडा वाढतो. आतली सुती टोपी रोज धुवा, झोपताना विग काढा. तेल लावायचं तर नहाण्याआधी, कारण तेलकट त्वचेवर विग चिकटवायची टेप टिकत नाही.

केमोनंतर (कॅन्सरवरच्या केमोथेरपीनंतर) ज्यांना नवे केस येत असतील त्यांनी विग चिकटवायचा गोंद टाळावा, तेव्हा त्वचा फार हुळहुळी असते. पुटकुळ्या किंवा लाली दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा, प्लीज.