'अ‍ॅनॉमली'ला मराठीत काय म्हणावे?

सायली_द: दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑलिंपिक डॅमच्या शोधावर मुलांच्या मासिकासाठी लिहिते आहे. तांबे, सोने, चांदी, युरेनियम सगळे एकाच खाणीतून निघते. 1975 साली पहिला बोअर मारला तेव्हा जमिनीवर तांब्याचा मागमूस नव्हता, वर 300 मीटरहून जाड नव्या खडकांचे थर होते. सुगावा दिला तो ग्रॅव्हिटी आणि मॅग्नेटिक अ‍ॅनॉमलींनी. मी 'विसंगती' लिहिले, तर संपादक विचारतात, "कोणाच्या बोलण्यात?" दुसरा शब्द सुचवा. ब्रेशियालाही हवा आहे.

कातळकोरा: 'असंगती' घ्या. शाळेत 'पाण्याचे असंगत आचरण' सगळेच शिकलेत, त्यामुळे शब्द परका वाटणार नाही. 'विसंगती'त कोणीतरी चुकल्याचा वास येतो. इथे चूक कोणाचीच नाही, आजूबाजूच्या मानाने मोजमाप वेगळे येते, एवढेच.

ब्रेशियाला 'कोणाश्म' आहेच. खडक फुटून झालेले धारदार तुकडे पुन्हा सांधले गेले की कोणाश्म. तुकडे गोटे होऊन गुळगुळीत झाले असतील तर तो कोणाश्म नव्हे. हा फरक लेखात जरूर सांगा. धार शाबूत आहे म्हणजे तुकडे नदीने लांबून वाहून आणलेले नाहीत.

मुक्काम_नागपूर: मी तर 'उठाव' म्हणेन. नकाशावर तो भाग उठूनच दिसतो.

कातळकोरा: धन असंगतीला चालेल. ऋण असंगतीला काय, 'बसाव'? शिवाय मुलांना 1857 आठवेल.

भूगर्भी: शब्द कोणताही घ्या, पण गुरुत्वाची आणि चुंबकाची असंगती एकाच वाक्यात गुंडाळू नका. लेखाचा जीव तिथेच आहे.

ग्रॅनाइटची घनता पाण्याच्या 2.7 पटीच्या आसपास, हेमॅटाइट या लोहखनिजाची 5 पटींहून जास्त. ग्रॅनाइट फुटून त्याच्या फटींत हेमॅटाइट भरले की तो भाग जड होतो आणि गुरुत्वमापकात दिसतो. हेमॅटाइटचे चुंबकत्व मात्र अगदी क्षीण. मॅग्नेटाइट हे दुसरे लोहखनिजही तेवढेच जड, पण ते चुंबकमापकाला ठळक जाणवते. लोह-ऑक्साइडांबरोबर तांबे आणि सोने असलेल्या साठ्यांच्या या कुळात (इंग्रजीत IOCG) साधारणपणे मॅग्नेटाइट खोल, जास्त तापलेल्या भागात आणि हेमॅटाइट वरच्या, थंड भागात. म्हणून दोन्ही असंगती शेजारी असतात, पण तंतोतंत एकमेकींवर बसतीलच असे नाही. ऑलिंपिक डॅमला तांबे मुख्यतः हेमॅटाइटच्या कोणाश्मात आहे. चुंबकीय असंगतीचा उगम त्याहून खोल.

खडकांचा रंग आणि घटकही बोलतात. खोलवर सोडियमने बदललेला, अल्बाइट हे सोडियमचे खनिज असलेला खडक. त्यावर पोटॅशियम आणि मॅग्नेटाइट. आणखी वर बारीक अभ्रकासारखे सेरिसाइट आणि लाल हेमॅटाइट. बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्यात हा क्रम ओळखता आला, तर आपण व्यवस्थेच्या कोणत्या मजल्यावर आहोत ते कळते. जोडीला मोठे विभंग (खडक सरकलेल्या भेगा) आणि साठ्याच्याच काळातला ग्रॅनाइट हवा. ऑलिंपिक डॅमला दोन्ही आहेत, वय सुमारे 159 कोटी वर्षे.

सायली_द: हेमॅटाइटला 'गेरू' लिहू का? मुलांना पटकन कळेल.

कातळकोरा: नको. गेरू म्हणजे हेमॅटाइटने रंगलेली माती. 'गेरूला लाल रंग देणारे खनिज' असे एकदा लिहा, पुढे हेमॅटाइटच ठेवा. कुणी 'लोहभस्म' सुचवले तर तेही घेऊ नका, वाचक थेट वैद्यांकडे जाईल.

मुक्काम_नागपूर: म्हणजे दोन असंगती जवळ दिसल्या की तांबे पक्के?

भूगर्भी: छे! असंगती लोहाची खबर देते, तांब्याची नाही. ऑलिंपिक डॅमजवळच अ‍ॅक्रोपोलिस नावाची जागा आहे. तिथे मॅग्नेटाइट मिळाले, पण खाण काढण्याजोगे तांबे नाही. खुद्द ऑलिंपिक डॅमची गोष्ट तर आणखी मजेशीर. शोधणाऱ्या वेस्टर्न मायनिंग कंपनीच्या भूवैज्ञानिकांचा अंदाज असा, की जुन्या बेसाल्टमधून सुटलेले तांबे वरच्या गाळाच्या खडकांत साचले असेल आणि असंगती त्या बेसाल्टची असेल. निघाला भलताच प्रकार. पहिल्या बोअरमध्ये 38 मीटर जाडीत जेमतेम 1 टक्का तांबे. मधल्या बहुतेक बोअरांनी निराशा केली. दहाव्याने 170 मीटर जाडीत 2 टक्क्यांहून जास्त दिले, तेव्हा आकार लक्षात आला. या कुळाला वेगळे नाव आणि व्याख्या मिळाली ती नंतर, 1990 च्या दशकात. आधी सापडले, मग बारसे.

सायली_द: हे बेसाल्टचे नक्की घालते. नावात 'डॅम' का?

भूगर्भी: तिथल्या पशुपालनाच्या रानातले गुरांच्या पाण्याचे तळे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकवरून त्याला नाव पडले. 'ऑलिंपिक धरण' असे भाषांतर मात्र करू नका, मुले नकाशात नदी शोधत बसतील.

मुक्काम_नागपूर: आपल्याकडे या कुळातले काही?

भूगर्भी: राजस्थानातल्या खेतडीच्या तांब्याच्या पट्ट्याची चर्चा या संदर्भात होते. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्णा तालुक्यातले ठाणेवासना. ग्रॅनाइटी खडक, त्यातून गेलेला घर्षणाने चिरडलेला पट्टा आणि त्यात तांब्याचे सल्फाइड, म्हणजे आयुर्वेदातले सुवर्णमाक्षिक. संशोधकांनी त्याचा या कुळाशी संबंध जोडला आहे. आकाराची तुलना ऑलिंपिक डॅमशी करू नका.

सायली_द: 'असंगती' आणि 'कोणाश्म' ठरले. 'डिपॉझिट'ला 'साठा' की 'निक्षेप'?

कातळकोरा: मुलांसाठी साठा.