स्ट्रोककलेक्शनमधले ठिपके काढताना अनुस्वारही जातात

प्रश्न:
नमस्कार मंडळी. मुलीला हाताने लिहायचा सराव व्हावा म्हणून डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजसाठी अॅप बनवायची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) छोटी वही करतोय. इंककॅनव्हासवर, म्हणजे त्यातल्या लिहायच्या पाटीवर, ती पेनने लिहिते; पेन टेकवल्यापासून उचलेपर्यंतची प्रत्येक रेघ हा एक स्ट्रोक, आणि सगळे स्ट्रोक स्ट्रोककलेक्शन या यादीत जमतात. मधेच पेनाचं टोक कुठेतरी टेकतं आणि नुसते ठिपके उमटतात. ते काढायला स्ट्रोक्सवर फॉरईच (एकेक घटक घेत जाणारा लूप) लावला आणि तीनपेक्षा कमी स्टायलसपॉइंट (रेघेत नोंदलेले बिंदू) असलेला स्ट्रोक लूपमध्येच रिमूव्ह केला. पहिल्या ठिपक्यालाच इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन, कारण फॉरईच चालू असताना यादी बदलता येत नाही! मग शून्यापासून साधा फॉर लूप चालवला. एरर गेली, पण लागोपाठ दोन ठिपके आले की दुसरा राहतो. आणि खरं दुखणं वेगळंच. तिने मन लावून ‘पतंग’ लिहिलं, मी बटण दाबलं, पडद्यावर ‘पतग’ उरलं. तिचा चेहरा बघवेना.

उत्तर १:
तिसरा स्ट्रोक काढला की चौथा त्याच्या जागी सरकतो, आणि तुमचा आय (लूपचा क्रमांक) तोवर पुढे गेलेला असतो. म्हणून दुसरा सुटतो. लूप शेवटाकडून शून्यापर्यंत फिरवा, काम होईल. मी मात्र रिकामं स्ट्रोककलेक्शन घेतो, फॉरईचमध्ये नको असलेले त्यात फक्त गोळा करतो आणि लूप संपल्यावर ते अख्खं कलेक्शन मूळच्या रिमूव्हला देतो. स्ट्रोक्सचेंज्ड (यादी बदलल्याची सूचना देणारा इव्हेंट) एकदाच येतो, त्यामुळे अनडू लिहिणं फार सोपं जातं.

उत्तर २:
पॉइंट मोजून अनुस्वार ओळखता येणार नाही. तो अक्षराला लागून असतो, भरकटलेला ठिपका लांब असतो. ठिपक्याचा गेटबाउंड्स (त्याच्याभोवतीची आयताकृती चौकट) घ्या, चारी बाजूंनी थोडा वाढवा आणि एखाद्या मोठ्या स्ट्रोकच्या चौकटीला तो छेदतो का पाहा. छेदला तर ठेवा. ‘आधीचा स्ट्रोक म्हणजे त्याचं अक्षर’ असं धरू नका. कलेक्शनमध्ये क्रम लिहिण्याचा असतो, आणि पुष्कळ जण आधी अक्षरं, मग शिरोरेषा, सगळ्यात शेवटी अनुस्वार देतात.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आज बसून केलं. सुरुवातीला सगळेच अनुस्वार पुन्हा उडाले, कारण मी गेटबाउंड्सच्या पुढेच टिंब देऊन इन्फ्लेट (चौकट वाढवणारी मेथड) लिहिलं होतं. गेटबाउंड्स जो रेक्ट (आयत) देतो तो स्ट्रक्ट, म्हणजे प्रत करून दिला जाणारा प्रकार, असल्याने तात्पुरती प्रत वाढली आणि तिथेच संपली. आधी व्हेरिएबलमध्ये घेतला, मग वाढवला, तेव्हा जमलं. १२ युनिट वाढवतोय, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कारण इथे ९६ युनिटचा एक इंच. ६ ठेवले तर तिचे उंच दिलेले अनुस्वार सुटत होते. चंद्रबिंदूची काळजी होती, पण त्याचा ठिपका कोरीच्या चौकटीतच येतो, त्यामुळे तो शाबूत राहतो.

उत्तर १:
पेन दाब मोजणारं असेल तर प्रेशरफॅक्टरही (प्रत्येक बिंदूवरचा दाब, ० ते १) बघा, चुकून टेकलेल्या ठिपक्यात तो बहुधा कमी भरतो. माउसने लिहिलं तर मात्र सगळीकडे ०.५ मिळेल, तिथे ही अट लावू नका.

प्रश्नकर्ता:
पेन दाब मोजतं. उद्या तिच्या जुन्या पानांवर चालवून बघतो.